तीस, मग दोन

सीपीआर म्हणजे काय, मी पहिल्या दिवशी विचारते,
आणि मागून कुणीतरी हमखास सांगतं,
भाऊसिंगजी रोडवरचा थोरला दवाखाना, मॅडम.
हशा. नऊ बॅच झाल्या, उत्तर तेच.
मी म्हणते, बरोबर आहे,
पण तिथं पोचेपर्यंत गाडीत जे करायचं
त्यालाही तेच नाव.

तालमीच्या माडीवर आमचा वर्ग.
खाली हौद्यातली तांबडी माती, ताक-तेल मुरलेली.
वर सतरंजीवर रबराचा माणूस,
कमरेखाली काही नसलेला.
पोरं त्याला पाव्हणं म्हणायला लागली,
आता रजिस्टरात मीही तेच लिहिते:
पाव्हण्यांचा उजवा खांदा उसवलाय.
पाव्हण्यांची छाती वर यायला वेळ लावते.

पैलवान जिन्यात उभे राहून बघतात.
त्यातला धैर्यशील एकदा वर आला, दाबलं,
कट्ट वाजलं.
मोडली? केवढा घाबरला, एवढ्या मानेचा गडी.
मोडू दे, मी म्हटलं, बरगडी सांधते.
कोपर ताठ ठेव, वजन खांद्यातून येऊ दे.
आणि ही कुस्ती नव्हे,
समोरचा आधीच चीतपट आहे.

हलगीच्या ठेक्यावर मोजा, असं शिकवते.
मिरवणुकीतली नव्हे, ती फार पळते.
मैदानात जोड फिरवून दाखवतात, तेव्हाची.
तीस. मग दोन श्वास. परत तीस.

गंगावेशीचं मात्र सांगत नाही.
पहाटे दूधकट्ट्यावर
ग्लास हातात धरूनच खाली बसलेला माणूस,
मिशीला अजून फेस,
आणि गाडीपुढं म्हैस आडवी.
म्हैस हॉर्नला भीत नाही.
इलाही आमचा पायलट
(ड्रायव्हरला पायलटच म्हणतात आमच्यात,
गाडी कधी उडाली नसली तरी),
तो उतरला, तिच्या कानाशी काही बोलला,
तेव्हा कुठं ती हलली.
दीड मिनिट.
ते दीड मिनिट अजून माझ्याकडं आहे,
कुठं ठेवावं कळत नाही.
दार लावताना गवळी धावत आला,
म्हणाला, ग्लासाचे पैसे नकोत,
त्यांना सांगा तेवढं.
मी हो म्हटलं.
मोजत मोजतच हो म्हटलं.

परवा रात्री एकला फोन.
संपदा चौगुले, वडणग्याची, सातव्या बॅचमधली.
सगळ्यात बारीक पोर, पाव्हण्यांवर सगळं अंग टाकायची.
शिये फाट्याला उसाची ट्रॉली, मागं दिवा नाही,
मोटरसायकलवाला.
पुढचं मी विचारलं नाही.
ती म्हणाली, दवाखान्यात आत दिला, दार मिटलं.
राहिला का गेला, कुणी सांगितलंच नाही.
कुणी सांगत नाही, मी म्हटलं.
मग बराच वेळ नुसता तिचा श्वास.
मॅडम, हात अजून मोजालेत.

माझ्याकडं यावर धडा नाही.
मी तिला भाकरीचं सांगितलं:
थापता थापता तीसला माझा हात थांबतो.
नवरा आधी विचारायचा, काय झालं?
आता विचारत नाही,
उठून तव्याखालचा जाळ बारीक करतो.

आधी जेव, म्हटलं. मग गाडी धू.
नाही, थांब, आधी गाडी धू,
वाळलं की निघत नाही.

पलीकडं नळ सोडल्याचा आवाज आला.
फोन तिनं ठेवला नव्हता.
मीही ठेवला नाही,
बादली भरेपर्यंत.